रकाना सात

फॉर्म आला तेव्हा मी रजेचे अर्ज लावत होते.
उत्कृष्ट परिचारिका गौरव, वर्ष दुसरं.
नाव, नोंदणी क्रमांक, सेवेची वर्षं, वॉर्ड,
आणि रकाना सात : उल्लेखनीय घटना.
शंभर शब्दांत.

नाव लिहिलं. नसीमबानू सतारमेकर.
सेवा, एकोणीस वर्षं.
वॉर्ड चार, मणक्याचा,
जिथं रात्री मिरज जंक्शनवरच्या गाड्यांची नावं
रुग्णांना झोपेतसुद्धा पाठ होतात.
सातपाशी पेन थांबलं.

घटना?
अकरा नंबरवर तासगावचा पोरगा आहे,
द्राक्षाच्या मांडवावरून पडलेला.
कमरेखाली कुणी चिमटा काढला तरी त्याला
दुसऱ्याच्या घरात भांडं पडल्यासारखं.
दर दोन तासांनी नसीम त्याला वळवते.
डावी कूस. पाठ. उजवी कूस.
चादरीची एक चुणीसुद्धा राहू देत नाही.
नऊ आठवडे झाले.
पाठ कोरी आहे. टाचा कोऱ्या. माकडहाड कोरं.
जे झालंच नाही
ते शंभर शब्दांत कसं बसवायचं?

तिचे आजोबा भोपळा बोटानं ठोकून सांगायचे
आत चीर कुठं आहे, सतार बोलेल की नाही.
हिचा कान तसाच.
पाठमोरी औषधं काढत असते,
तिकडं चार नंबरचा श्वास जरा घासला
की हातातली बाटली ठेवून वळते.
एकाच रंगाच्या दोन ॲम्प्यूल शेजारी आल्या
तर एकीला लाल चिकटपट्टी लावते,
कुणाला सांगत नाही.
ती पट्टी नसती तर
रकाना सात भरून वाहिला असता.

मागच्या वर्षी प्रमिला ऐनापुरेला मिळालं.
योग्यच होतं. गेटवर रिक्षातच तिनं
माणसाची छाती दाबून दाबून त्याला परत आणलं,
लोकांनी मोबाईलवर पाहिलं, पेपरात फोटो आला.
त्यानंतर दारात फलक लागला,
मंडळी तपासायला आली, वह्या मागितल्या,
आणि माझ्या वॉर्डला पाळीमागं दोन मुली वाढवून मिळाल्या.
फलकापेक्षा मला त्या दोघी आवडल्या.
नाही म्हणायला, अभिप्रायाच्या पेटीजवळ
आवाज मऊ करणाऱ्याही निघाल्या दोनतीन.
ज्यांचे रुग्ण बोलू शकत नाहीत
त्यांच्या नावाची चिठ्ठी पेटीत कोण टाकणार,
हे मी बैठकीत विचारलं.
चहा आला.

गेल्या मार्चमध्ये पाच जणी सोडून गेल्या,
चौघी पुण्याला, एक थेट डब्लिनला.
यंदा दोघीच.
गौरवामुळं, की हाताखाली माणसं वाढली म्हणून,
मला सांगता येत नाही.
समितीला येतं. त्यांनी आलेख काढलाय.

शेवटी मी लिहिलं :
तीन जून ते पाच ऑगस्ट, खाट अकरा,
काही घडलं नाही.
खाली सही केली.

ऑफिसातून फोन आला,
मॅडम, सात नंबर भरायचा राहिलाय.
म्हटलं, भरलाय, नीट वाचा.
पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.

उत्तेजनार्थ मिळालं.
प्रमाणपत्रावर आडनाव सतारकर झालं होतं.
नसीम हसली, म्हणाली, निम्मा धंदा बुडवला की आमचा.
टाळ्या चालू होत्या आणि ती
पाहुण्यांच्या डोक्यावरचं घड्याळ बघत होती.
पावणेचार.
पुष्पगुच्छ माझ्या हातात देऊन जिन्यानं गेली,
लिफ्टची वाट न बघता.

प्रमाणपत्राची फाईल चांगली जाड पुठ्ठ्याची आहे.
वॉर्डातली जुनी पाटी मोडली होतीच.
आता तिच्यावर अकरा नंबरचा तक्ता लावलाय,
खाटेच्या पायथ्याशी, सुतळीनं :
चार वाजता. उजवी कूस. त्वचा ठीक.
न. स.
सहा वाजताची ओळ
अजून रिकामी.